वॉल्टर, तुझं गाऱ्हाणं राहिलंय

शेवटी तुला विमानानेच नेलं, वॉल्टर. तुझा पुतण्या अमेरिकेहून आला, हॉटेलात उतरला, चार ऑफिसांतून सह्या गोळा केल्या आणि तुला सामानासारखा बुक करून घेऊन गेला. पोरगा सभ्य होता. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. वाटेत त्याने विचारलं, काका बहारीनमध्ये इतकी वर्षं नेमकं काय करत होते. मी म्हटलं, निघायची तयारी. त्याला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे. ते आहेच, पण या एका वाक्यापुरतं बरोबर होतं.

एरवी तुझ्या वयाच्या माणसाला मी 'तुम्ही' म्हटलं असतं. पण तू हिंदी शिकलास आमच्या हूऱ्याच्या वस्तीतल्या फुटपाथवर, आणि घरमालकापासून ट्रॅफिकच्या पोलिसापर्यंत सगळ्यांना 'तुम' म्हणत हिंडलास. शिवाय आमच्याकडे देवाला, आईला आणि गेलेल्या माणसाला 'तू'च म्हणतात. त्यातली आई तेवढी उलटून बोलते. बाकी दोघं गप्प असतात, आणि तू असा गप्प बसलास याचीच मला अजून सवय झालेली नाही.

दमलोय रे. थंडीचे दिवस आहेत, लोकांचे एसी बंद आहेत, कामं कमी, तरी संध्याकाळी घरी येतो तो पोतं उतरवून ठेवावं तसा. बायको म्हणते झोपा. झोपतो. उठतो तो आणखी दमलेला. वाद अर्धा राहिला की माणूस असा दमतो, हे मला माहीत नव्हतं. आजवर माझे सगळे वाद बायकोशी झाले, आणि ते ती वेळेवर संपवते.

आपली ओळख माझ्या गाढवपणामुळे झाली. अरादच्या किनाऱ्यावरच्या तुझ्या घरमालकाने मला तुझा एसी दुरुस्त करायला पाठवलं. तू दारातच सांगितलंस की एसी बिघडलेला नाही, तूच बंद ठेवलायस, त्याच्या घरघरीत तुला लिहिता येत नाही. आता, जून महिन्यात बहारीनमध्ये एसी मुद्दाम बंद ठेवणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलंय. मी तुला मायेने खुर्चीत बसवलं, तुझ्या लिहायच्या टेबलावर चढलो, एसी उघडला आणि आत साचलेलं शेवाळी पाणी तुझ्या पुस्तकाच्या कागदांवर ओतलं. सगळं. एक थेंब फुकट गेला नाही.

तू ओरडला नाहीस. कागद गच्चीवर नेलेस आणि दोरीवर वाळत घातलेस. मी मागे चिमटे घेऊन उभा, दोन भाषांत सॉरी म्हणत. शमाल सुटला होता, त्या वाऱ्याने एक अख्खं प्रकरण उचलून शेजारच्या बकऱ्यांपुढे टाकलं. आपण दोघं भिंतीवरून पाहत होतो. बकरीने पहिलं पान खाल्लं, दुसरं हुंगून सोडून दिलं. तू म्हणालास, "बरोबर आहे तिचं. तिथून पुढे मलाही कंटाळा आला होता." मग म्हणालास की उत्तरेत एकदा एका नदीने तुझं सगळं लिखाण नेलं होतं, पण त्या नदीने एकदाही सॉरी म्हटलं नव्हतं.

माझं नाव गजानन आहे, ते तुला झेपलं नाही. तू 'गाजा' केलंस. त्या दिवसापासून शुक्रवार सकाळ तुझी. मी हूऱ्याहून गरम खुबूस रोट्या घेऊन यायचो, तू मासे भाजायचास, आणि माझी सानू, नववीत आहे पण वाद वकिलासारखा घालते, तुझ्या डाव्या पायाची दोन बोटं कुठे गेली ते पुन्हा पुन्हा विचारायची. दर वेळी तू वेगळं सांगायचास. एकदा बर्फाने खाल्ली, एकदा कुत्र्याने, एकदा म्हणे पत्त्यांत हरलास.

तुझी पुस्तकं मी वाचलेली नाहीत. खोटं कशाला सांगू. सानूने वाचली. बर्फातून कुत्र्यांच्या गाडीने जायचं पुस्तक, हट्टी उंटिणीबरोबर वाळवंट पायी तुडवल्याचं पुस्तक, फुटक्या तराफ्यावरून जंगलातली नदी उतरल्याचं पुस्तक. वाचून ती म्हणाली, "बाबा, ही ऑल्मोस्ट डाइज इन एव्हरी चॅप्टर." मी तुला विचारलं, की एवढा शूर माणूस प्रत्येक ठिकाणी मरता मरता कसा वाचतो. तू म्हणालास, शूर कोण? तू स्वतः बहुतेक वेळा रस्ता चुकलेला असायचास. नीट पार पडलेल्या प्रवासाचं पुस्तक होत नाही, त्याचे फक्त फोटो होतात. ते ऐकून मला माझ्या आयुष्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. माझ्याकडे एकही फोटो काढण्यासारखा नाही, पण पुस्तकं भरपूर निघतील.

त्यातलं एक पान तू लिहिलंसही. मी मालवणच्या बाजूचा, गाव खाडीच्या तोंडावर, एवढं तू ऐकलंस आणि पुढचं ऐकलंच नाहीस. वडील शाळेत शिपाई होते, आजोबा आंब्याची राखण करायचे, घरात होडी तर सोडाच, वल्हंसुद्धा नव्हतं, हे मी सांगत होतो, पण तुझ्या डोळ्यांसमोर माझ्या सात पिढ्या शीड उभारून बसल्या होत्या. मग तू मला अबू युसूफच्या मासेमारीच्या लाँचवर घातलंस. अबू युसूफ म्हणजे अरादचा जुना मच्छीमार, तुझा दोस्त. किनारा सुटला आणि मला उलट्या सुटल्या. येईपर्यंत मी कठड्याला धरून होतो. अबू युसूफ म्हणाला, आज माशांना जेवण घातलंस, उद्या जाळं भरेल.

आणि तू नव्या पुस्तकात काय लिहिलंस? सानूने वाचून दाखवलं. की दर्यावर्दी कुळातला हा माणूस भर समुद्रात एक शब्दही बोलला नाही, अतिशय आदराने पाण्याकडे पाहत राहिला. मी भांडायला आलो. म्हटलं, हे खोटं आहे. तू म्हणालास, यातला एक शब्द खोटा दाखव. गप्प होतास ना? पाण्याकडेच पाहत होतास ना? आदर नव्हता का? आदर होता. इतका आदर मी देवळातही दाखवलेला नाही.

पण खरं भांडण ते नव्हे. खरं भांडण होडीचं.

अबू युसूफच्या आजोबांची जुनी लाकडी होडी अरादच्या किनाऱ्यावर उलटी पडली होती. तिच्यावर तुझा जीव जडला. तिचं सागवान आमच्या बाजूचं, हे तुला कुणीतरी सांगितलं होतं. मग तू बेत केलास. ही होडी दुरुस्त करायची, शीड चढवायचं आणि तिला तिच्या गावी नेऊन सोडायचं. म्हणजे कोकणात. म्हणजे माझ्या खाडीत. पूर्वी खजुराची गलबतं जायची त्या वाटेने, एकट्याने, शिडावर. तेच तुझं शेवटचं पुस्तक. ज्या गावाहून मी एजंटच्या व्हिसावर जीव घेऊन पळालो, तिथे तू जीव धोक्यात घालून जाणार होतास. मी म्हटलं, वॉल्टर, विमानाचं तिकीट आहे ना. तू माझ्याकडे असं पाहिलंस, की जणू मी ती बकरी आणि तुझा बेत म्हणजे मी हुंगून सोडलेलं दुसरं पान.

तुझं हृदय जुनं झालं होतं. डॉक्टरने तुला जिन्याचीही मनाई केली होती. ते तू मला गच्चीवर बसून सांगितलंस. तिथे तू जिन्यानेच गेला होतास.

गाऱ्हाण्याचं वेड तुला लागलं ते हूऱ्याच्या हॉलमध्ये. आम्हा कोकणी मंडळींची वर्षाची पूजा होती आणि बाबीकाका, कुडाळचा, आमच्यातला सगळ्यात जुना फोरमन, हात जोडून गाऱ्हाणं घालत होता. तू कानात विचारलंस, हा माणूस देवाला दम देतोय का? मी सांगितलं, दम नव्हे, आमच्याकडे देवाला सगळं मोठ्याने आणि नावानिशी सांगायचं असतं, अमक्याची पोर आजारी आहे, तमक्याचा व्हिसा अडकलाय, ते सोडव. आणि प्रत्येक ओळीला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकट्याने मागून भागत नाही, चारचौघांनी हो म्हणावं लागतं. मग म्हणालास, तू जगभर हिंडलास, पण निघताना कधी कुणाला हो म्हणायला लावलं नव्हतंस. तुझ्या दोन्ही बायकांना तू गेलास हे तू निघून गेल्यावरच कळलं.

तेव्हा होडी पाण्यात लोटायच्या आधी गाऱ्हाणं पाहिजेच, असं तू ठरवलंस. दिवस नारळी पौर्णिमेचा. बाबीकाका गणपतीसाठी आधीच गावाला गेलेला. मग मंडळींनी मला पुढे केलं. का, तर माझा आवाज मोठा. गच्चीवरच्या कॉम्प्रेसरशेजारून खालच्या माणसाशी बोलून बोलून तो तसा झालाय. भक्तीशी त्याचा संबंध नाही. बायको म्हणाली, "देवाक काय बोलूचां ता कळता काय तुमका? भायेर धाडलंय तर लाइटीचां बिल भरूक कळना नाय." तरी कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, श्रीलंकेचा नारळ घेतला आणि सकाळीच अरादला आलो. ऑगस्टातली सकाळ, हवेत इतकी वाफ की नारळालाही घाम सुटला होता.

होडी रंगवून उभी होती. तू धुतलेला शर्ट घातला होतास. सानू तुझ्या शेजारी, इंग्रजीत अर्थ सांगायला. आमची दहा-बारा माणसं होती. अबू युसूफ जरा लांब, पिकअपला टेकून. होडी कोकणात पोचेल का, असं मी त्याला विचारलं होतं. तो 'इंशाल्ला' म्हणाला होता आणि दुसरीकडे पाहत राहिला होता.

मी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, दर्याच्या राखणदारा, तुज्या पायाकडे आज नारळ ठेवलो हा." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, सानूचं पुटपुटणं संपल्यावर, तुझा एकट्याचा आवाज आला, व्हय म्हाराजा. लोक हसले. पुढच्या ओळीलाही तसंच. ती तुला अर्थ सांगणार, तो तू पूर्ण ऐकणार, पटला तरच हो म्हणणार. म्हणून तू दर वेळी एक ओळ मागे.

मी तुझ्याकडे पाहिलं. शर्टाखाली तुझी छाती वरखाली होत होती, नुसतं उभं राहून. मी ठरवून काही केलं नाही, वॉल्टर. तोंडातून निघालं.

"ह्यो म्हातारो दर्यार जावक बघता हा. तेचां काळीज जुनां झालां हा. तेच्या डोक्यातसून ह्यां याड काढून टाक. होडी हयसरच ऱ्हवांदे, म्हातारो हयसरच आमच्यात ऱ्हवांदे."

सवयीने सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मग त्यांना कळलं आपण कशाला हो म्हटलं ते, आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तिकडे सानू तुझ्या कानाशी बोलत होती. मला वाटलं पोरगी शहाणी आहे, काहीतरी भलतंच सांगेल. तिने शब्दन् शब्द सांगितला. तू ऐकलंस. मान खाली घातलीस, होडीवर हात ठेवलास. आणि म्हणालास, "व्हय म्हाराजा."

होडी लोटलीच नाही. खोबरं वाटलं, लोक कामाला गेले. मग तू माझ्याजवळ आलास.

"गाजा, तुमने मेरे खिलाफ बोला."

मी म्हटलं, मग तू हो कशाला म्हणालास?

"क्योंकि सच था. मेरा दिल पुराना है, सच. तुम लोग मुझे इधर माँगता है, वो भी सच. मैंने सच को हाँ बोला. अब तुम दूसरा सच बोलो."

मी विचारलं, दुसरं कुठलं.

"कि मुझे जाना है."

आणि मी काय केलं? नियम सांगितले. की ठेवलेला नारळ परत घेता येत नाही. की मी काही मानकरी नाही, बाबीकाका येऊ दे. बाबीकाका आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुसरो नारळ ठेवन परत सांगलंस काय झालां. देव काय व्हिसा देणारो कफील हा, एकदा सही केल्यार ऐकूक नाय?" तो स्वतः तुझ्याकडे आला, मीच घालतो म्हणाला. तू नको म्हणालास. ज्याने बांधलंय त्यानेच सोडावं, असं तुझं. जगात कुणाची परवानगी न घेता बर्फात आणि वाळूत शिरलेला माणूस तू, अरादच्या किनाऱ्यावर एका एसीवाल्याच्या शब्दासाठी अडून बसलास. तुला कोण अडवणार होतं? कुलूप कसलं होतं? तू 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतंस, एवढंच.

मग दर शुक्रवारी तेच. दार उघडताना विचारायचास, "नारियल लाया?" मी म्हणायचो, कोल्ड स्टोअरमध्ये सुके होते. पुढच्या वेळी म्हणायचो, अमावास्या आहे. एकदा म्हटलं, नारळाला डोळे बरोबर नव्हते. तू म्हणायचास, ठीक है, नेक्स्ट फ्रायडे, आणि मासा उलटायचास. वाऱ्याचे चांगले दिवस निघून गेले. होडीचा रंग उन्हाने तडकला. मस्करीच होती म्हण, पण दर वेळी थोडी जड व्हायची. शेवटच्या शुक्रवारी तू विचारलंच नाहीस. मी असा मूर्ख, की मला बरं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हाताऱ्याचं वेड गेलं एकदाचं.

मंगळवारी अबू युसूफ मासे घेऊन आला तेव्हा तू गच्चीवरच्या खुर्चीत होतास, तोंड समुद्राकडे. त्याला आधी वाटलं, होडीकडे पाहतोयस.

आमच्या घरात यावर अजून निकाल लागलेला नाही. बायको म्हणते, तुम्ही त्याला जगवलंत, भर समुद्रात एकटा गेला असता, पाणी पाजायला कोणी नसतं. मलाही तेच म्हणायचं असतं. तेवढे शुक्रवार जास्तीचे मिळाले, तेवढे मासे, तुझ्या बोटांच्या तेवढ्या गोष्टी. त्याबद्दल मी तुझे आभार मानायचे की माफी मागायची? सानूला विचारलं. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "यू डिडन्ट सेव्ह हिम, बाबा. यू जस्ट पार्क्ड हिम."

आणि तरी सांगतो, पुन्हा ती सकाळ आली, पुन्हा तू तसा धापा टाकत उभा राहिलास, तर माझ्या तोंडून तेच निघेल. याबद्दल तू भांडायला हवा होतास. तुझं उत्तर मला ठाऊक आहे, पण ते तुझ्या तोंडून पाहिजे होतं.

तुझ्या पुतण्याने होडी अबू युसूफला परत दिली. परवा शुक्रवारी सकाळी त्याने ती पाण्यात लोटली. शीड नाही, मागे छोटं इंजिन लावलंय. मी नारळ घेऊन गेलो होतो. ओला, तिन्ही डोळे जागेवर. किनाऱ्यावरून घातलं असतं तरी चाललं असतं, बाबीकाका तेच म्हणत होता. पण मी होडीत चढलो. बाबीकाका, सानू आणि मी, सुकाणूला अबू युसूफ. सानूने पुढच्या फळीवर कुणाला बसू दिलं नाही. स्वतः तिच्या शेजारी खाली बसली.

किनारा जरा मागे पडल्यावर अबू युसूफने इंजिन बंद केलं. होडी डुलायला लागली, माझं पोटही. मी उभा राहिलो, बाबीकाकाने माझा पट्टा मागून धरला.

"बा देवा म्हाराजा, मागे तुका एक गाऱ्हाणां घातलंय. ता खरां होतां, पण अर्धां होतां."

"व्हय म्हाराजा," बाबीकाका म्हणाला. सानू काही म्हणाली नाही. मला राग आला, म्हटलं पोरीला हो म्हणायलासुद्धा लाज वाटते. वळून पाहिलं. ती रिकाम्या फळीकडे वाकून हळूहळू इंग्रजीत काहीतरी सांगत होती. सांगून झाल्यावर ताठ बसली आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मी पुढची ओळ तोंडात धरून ठेवली होती. ती सोडली.

"म्हाताऱ्याक जावचां होतां. तेका मियां अडवलंय. आता तेका सोड. वारो तेच्या पाठसून दी, आणि जंय जावचां आसात थंय जांवदे."

बाबीकाकाचं 'व्हय म्हाराजा' आलं. मग पाण्याचा आवाज, आणि सानूचं पुटपुटणं, शब्दन् शब्द. मी थांबलो. अबू युसूफही सुकाणूवर हात ठेवून थांबला. मग, तुझ्यासारखंच एक ओळ उशिराने, तिचं आलं.

मी नारळ सोडला. आणि मग, वॉल्टर, तू लिहिलं आहेस तसाच, कठडा धरून, एक शब्दही न बोलता, अतिशय आदराने पाण्याकडे पाहत राहिलो.